लहान मुलांची ॲलर्जी-दम्याची तपासणी : तुमचे अनुभव सांगा

लेक साडेतीन वर्षांची आहे. पुढच्या महिन्यात तिची ॲलर्जीची तपासणी ठरली आहे, म्हणून हा धागा.

गेल्या वर्षभरात पाच वेळा एकच क्रम झाला. साधी सर्दी, दोन दिवसांत नाक कोरडं, आणि मग छाती वाजायला सुरुवात. रात्री दोन-अडीचला खोकल्याची उबळ, उबळीत उलटी, मग तिला खांद्यावर उभं धरून खोलीत फेऱ्या. बाळ असताना गालांवर आणि कोपराच्या खळग्यात इसब होतं, ते आता बरंच कमी आहे. दीड वर्षाची असताना अंडं खाल्ल्यावर दहा मिनिटांत तोंडाभोवती गांधी उठल्या, ओठ सुजला. तेव्हापासून अंडं बंद. आता डॉक्टर म्हणतात, इसब, अंडं आणि ही छाती यांचा एकमेकांशी काही संबंध आहे का ते एकदा नीट पाहू.

चाचणी कशी करतात ते मी वाचलंय, खरं तर जरा जास्तच वाचलंय. जे कुठे लिहिलेलं सापडत नाही ते हवंय. साडेतीन वर्षांचं मूल हात पुढे करून बसतं का? आदल्या आठवड्यात घरात काय गोंधळ होतो? निकालाचा कागद हातात आल्यावर खरोखर काय बदललं आणि काय उगाचच बदललं? फसलेलं, चुकलेलं, पुन्हा करावं लागलेलं, सगळं लिहा. डॉक्टरांची, दवाखान्यांची नावं मात्र नकोत.

*

फसलेल्याची मागणी आहे म्हणून आधी मीच.

मुलगा तेव्हा सव्वाचार वर्षांचा. बारा महिने नाक वाहतं, सकाळी उठल्या उठल्या ओळीने आठ-दहा शिंका, रात्री कोरडा खोकला. प्रिक टेस्टच्या आधी सात दिवस ॲलर्जीचं औषध बंद ठेवायला सांगितलं होतं. ते मी अगदी कॅलेंडरवर खुणा करून पाळलं. पाचव्या दिवशी सर्दी वाढली, तेव्हा कपाटातलं सर्दीचं सिरप दोन रात्री दिलं. चाचणीच्या दिवशी हातावर थेंब टाकले, टोचलं, पंधरा मिनिटं थांबलो आणि एकाही ठिकाणी काही उठलं नाही. मी मनातून खूश. नर्सबाईंचा चेहरा मात्र उतरला. त्या थेंबांमध्ये एक हिस्टामिनचा असतो. तो कुणाच्याही अंगावर उठायलाच हवा, नाही तर बाकीच्या थेंबांवर विश्वास ठेवता येत नाही. आमचा तोही सपाट. "आठवड्यात सर्दी-खोकल्याचं काही दिलंत का?" घरी फोन करून बाटलीवरचं बारीक अक्षर वाचून घेतलं : क्लोरफेनिरामिन. म्हणजे ॲलर्जीचंच जुनं औषध, सर्दीच्या सिरपमध्ये लपलेलं. चाचणी बाद, तीन आठवड्यांनी परत या.

दुसऱ्या खेपेला मात्र नीट झालं. हाताच्या आतल्या बाजूला पेनाने आकडे काढले, प्रत्येक आकड्याशेजारी एक थेंब, आणि प्रत्येक थेंबातून प्लॅस्टिकच्या छोट्या टोकाने हलकेच टोचलं. मी इंजेक्शनाची सुई डोळ्यांसमोर आणून दोन रात्री झोपले नव्हते, आणि त्याला रक्ताचा ठिपकासुद्धा आला नाही. बारा थेंब, दोन मिनिटंही लागली नाहीत. चौथ्या टोचणीला त्याने ओठ काढला, सहाव्याला "किती राहिले?" विचारलं. खरी कसोटी पुढे. ती पंधरा मिनिटं हाताला भयंकर खाज सुटते आणि खाजवायचं नाही! मी फुंकर घालत होते, बाबा मोबाइल धरून होता, आणि हा "फक्त एकदा, फक्त एकदा" म्हणून गयावया करत होता. आमच्यासाठी चाचणी म्हणजे ती पंधरा मिनिटंच.

मग पट्टीने मोजमाप. तुलनेसाठी एक थेंब नुसत्या मिठाच्या पाण्याचा असतो, त्यापेक्षा निदान 3 मिमी मोठी गांध असेल तर ती धरतात. धुळीतल्या किड्यांची 7 मिमी, मांजराची 4, बाकी सगळं सपाट. तासाभरात हात पूर्ववत.

घरात काय बदललं : गादी-उशीला माइट (म्हणजे हेच धुळीतले किडे) अडवणारी आवरणं, चादरी दर आठवड्याला 60 अंशांच्या पाण्यात, मऊ खेळण्यांपैकी एकच अस्वल शिल्लक. शिंका बऱ्याच कमी झाल्या. पण त्याच आठवड्यात नाकात मारायचा स्प्रेही सुरू झाला होता, त्यामुळे श्रेय आवरणांचं की स्प्रेचं हे मी छातीठोकपणे सांगणार नाही. डॉक्टरांनी मांजराबद्दल विचारलं. आमच्याकडे मांजर नाही, शेजारीही नाही. "मग ते विसरा," म्हणाले.

*

आमची वीस महिन्यांची होती, म्हणून पाठीवर केली. मी खुर्चीत, ती माझ्या मांडीवर माझ्याकडे तोंड करून, छातीला छाती. टोचण्यांना फारशी रडली नाही. फ्रॉक काढला तेव्हा मात्र आकाशपाताळ एक केलं. पाठीवर करण्याचा फायदा असा की हात पोचत नाही. इतक्या लहान वयात गांधी थोड्या लहानच उठतात, असं आम्हाला आधी सांगितलं होतं.

*

दमा तपासणीबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. चिरंजीव सहा वर्षांचे.

स्पायरोमेट्री म्हणजे नळीत फुंकर मारायची, यंत्र ती मोजतं. ऐकायला सोपं. प्रत्यक्षात पूर्ण श्वास आत घ्यायचा, ओठ नळीभोवती घट्ट मिटायचे, जोरात फुंकायचं आणि संपलं असं वाटल्यावरही फुंकत राहायचं, आणि हे एकसारखं निदान तीनदा. मुलांसाठी पडद्यावर मेणबत्त्या असतात, फुंकर बरोबर बसली की विझतात. आमच्या साहेबांनी पहिल्या दिवशी गाल फुगवून थुंकीसकट फुंकर मारली, दोन मेणबत्त्या विझल्या, आनंदाने उड्या मारल्या, आणि पुढच्या सात फुंकरी प्रत्येक वेळी वेगळ्या. तंत्रज्ञ म्हणाले, "आज राहू द्या. पाच-सहा वर्षांच्या मुलांचं असं होतंच. घरी खेळ म्हणून करून घ्या."

आठवडाभर आम्ही टेबलावर कापसाचे बोळे ठेवून फुंकून गोल मारत होतो. स्कोअर माझ्या बाजूने नव्हता.

दुसऱ्या वेळी जमलं. सकाळचा निळा पंप (त्रास झाला की द्यायचा, साल्ब्युटामॉलचा) द्यायचा नव्हता, कारण तो घेतलेला असेल तर श्वासनलिका आधीच मोकळ्या असतात आणि काही कळत नाही. रोजचा दुसरा पंप बंद करायचा का, हे आधीच विचारून ठेवा, स्वतःच्या मनाने काही बंद करू नका. आधी फुंकर, मग स्पेसरमधून (पंप आणि तोंड यांच्यामध्ये लावायची प्लॅस्टिकची पोकळ नळी) साल्ब्युटामॉल, पंधरा मिनिटं थांबून पुन्हा फुंकर. पहिल्या सेकंदात बाहेर पडणारी हवा औषधानंतर 14 टक्क्यांनी वाढली. 12 टक्क्यांच्या वर फरक गेला की आकुंचन औषधाने सुटतंय असं धरतात. त्याच खोलीत आणखी एक चाचणी झाली, श्वासातला नायट्रिक ऑक्साइड मोजायची. तिथे उलट सावकाश, एका लयीत फुंकायचं. आकडा आला 42. मुलांमध्ये 35 च्या वर गेला तर नलिकांना ॲलर्जीच्या जातीची सूज असण्याची आणि इनहेल्ड स्टेरॉइडचा (पंपातून श्वासावाटे घ्यायचं सूज कमी करणारं औषध) गुण येण्याची शक्यता बरीच. तीन महिन्यांनी तोच आकडा 19 होता. खोकला कमी झालाय हे आम्हाला आधीच माहीत होतं, पण कागदावर पाहून बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही, पण ते जाऊ द्या.

*

मी केलेली चूक कुणी करू नये म्हणून लिहिते. जरा लांबेल.

मुलाला दुसऱ्या वर्षापासून इसब. अंग रात्रभर ओरबाडायचा, चादरीवर रक्ताचे डाग. कुणीतरी म्हणालं, एकदाच रक्ताची पूर्ण ॲलर्जी तपासणी करून टाका. मी डॉक्टरांना न विचारता परस्पर केली. अहवाल आला, पानंच्या पानं, पदार्थांची नावं आणि समोर लाल-पिवळे पट्टे. अकरा खाद्यपदार्थ पॉझिटिव्ह. दूध, गहू, अंडं, शेंगदाणे, सोया, आणखी काय काय. मी अकराच्या अकरा बंद केले. दोन वर्षांच्या मुलाचे.

पाच महिन्यांत वजन एक काटाही पुढे सरकलं नाही. इसब होतं तिथेच. मूल चिडचिडं, मी त्याहून चिडचिडी, आणि घरात प्रत्येक जण दुसऱ्याने काहीतरी चोरून भरवल्याचा संशय घेणारा.

शेवटी ॲलर्जीतज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी तो अहवाल उघडला नाही. टेबलावर पालथा ठेवला आणि एकच विचारलं, "यातलं काय तो आधी खात होता?" मी म्हटलं, सगळंच. "खाल्ल्यावर दोन तासांत काही व्हायचं? गांधी, उलटी, सूज, खोकला?" कधीच नाही. "मग त्याला याची ॲलर्जी नाही."

मला रागच आला. कागदावर छापलंय ना! त्यांनी शांतपणे समजावलं. रक्तात आयजीई नावाची प्रतिपिंडं सापडणं म्हणजे शरीराने त्या पदार्थाची ओळख करून घेतली आहे, एवढंच. खाल्ल्यावर त्रास होणं ही वेगळी गोष्ट. इसब असलेल्या मुलांमध्ये एकूण आयजीईच खूप वाढलेली असते, म्हणून असे बारीकसारीक पॉझिटिव्ह ढिगाने येतात. ज्याबद्दल संशय आहे तेवढंच तपासायचं असतं. आणि सगळ्यात घाबरवणारं पुढचं वाक्य : इसबवाल्या मुलाला जे पचतंय ते उगाच बंद केलं तर ते सहन करण्याची शरीराची सवय मोडू शकते आणि मग खरीखुरी ॲलर्जी उभी राहू शकते. पूर्वी डॉक्टरही शेंगदाण्यासारखे पदार्थ उशिरा द्या म्हणायचे. 2015 मध्ये लंडनच्या एका प्रयोगाचे निष्कर्ष आले, त्यानंतर हे उलटलं. जोरदार इसब किंवा अंड्याची ॲलर्जी असलेली 640 तान्ही बाळं, निम्म्यांना लहानपणापासून नियमित शेंगदाणे दिले, निम्म्यांना टाळले. पाचव्या वर्षी, खाणाऱ्यांमध्ये शेंगदाण्याची ॲलर्जी सुमारे 80 टक्क्यांनी कमी निघाली. आणि मी घरात बसून नेमकं उलटं करत होते.

दुधाची पहिली वाटी देताना माझे हात थरथरत होते. (पाच महिन्यांचा खंड पडला होता, म्हणून काही पदार्थ त्यांनी त्यांच्यासमोरच सुरू करायला लावले. हे घरी आपलं आपण करू नका.) त्याला काही झालं नाही. इसब बरं झालं ते दिवसातून दोनदा मलम-मॉइश्चरायझर नीट लावून, ज्याचा मला कंटाळा यायचा.

*

वरचं वाचून राहवलं नाही. मी टेबलाच्या पलीकडची आहे, बालरुग्ण विभागात याच चाचण्या करते. थोडं सांगते.

मुलाला "अजिबात दुखणार नाही" सांगून आणू नका. पहिल्या टोचणीला तुम्ही खोटे पडता आणि उरलेल्या अकरा मला कराव्या लागतात. "डास चावल्यासारखं टोचेल, मग खाज येईल, मग संपेल" एवढं पुरे. अर्ध्या बाह्यांचा शर्ट घाला. त्या दिवशी हाताला तेल, लोशन लावू नका, थेंब ओघळतात. इसबासाठी स्टेरॉइडचं मलम चालू असेल तर टोचायच्या जागी ते काही दिवस लावायचं नसतं, विचारून घ्या. छाती वाजत असेल, ताप असेल तर येऊ नका, फोन करा. आम्ही पुढे ढकलतो, त्यात कुणाचं काही अडत नाही. दम्याचा रोजचा पंप प्रिक टेस्टसाठी बंद करायचा नसतो, तरी दर महिन्याला कुणी ना कुणी बंद करून धाप लागलेलं मूल घेऊन येतं. आणि ॲलर्जीचं औषध थांबवणं शक्यच नसेल, किंवा अंगभर इसब असेल आणि टोचायला स्वच्छ जागाच नसेल, तर रक्ताची चाचणी आहेच. तिला औषधाने फरक पडत नाही.

औषधांची नावं तोंडपाठ असल्याचा भरवसा धरू नका. प्रत्येक बाटलीचा फोटो आणा, सर्दीच्या सिरपसकट! (पहिल्या ताई, तुमच्यासारख्या पुष्कळ येतात, वाईट वाटून घेऊ नका.)

सगळ्यात जास्त ऐकू येणारा प्रश्न : "एवढी मोठी गांध आली, म्हणजे जिवावरची ॲलर्जी का?" नाही. गांध मोठी तितकी ॲलर्जी असण्याची शक्यता जास्त, पण झटका किती जोराचा येईल ते त्यावरून ठरत नाही. छोट्या गांधीवाल्यांना मोठे झटके येतात आणि मोठ्या गांधीवाली मुलं तोच पदार्थ मजेत खातात. त्यामुळेच डॉक्टर अर्धा तास प्रश्न विचारतात आणि चाचणी पाच मिनिटांत उरकतो, लोकांना ते उलटं हवं असतं.

एक विनंती. केसांवरून ॲलर्जी सांगणाऱ्या आणि खाण्याच्या आयजीजी (आयजीईहून वेगळी प्रतिपिंडं) मोजणाऱ्या चाचण्यांच्या वाटेला जाऊ नका. आयजीजी तर आपण जे खातो त्याचीच तयार होते. ॲलर्जीचं निदान त्यावरून होत नाही.

*

तीन वर्षांच्या आतल्या मुलांची दम्याची काहीच तपासणी नसते का? आमचा अडीच वर्षांचा. फुंकर मारायला सांगितली तर नळी चावतो.

*

> नळी चावतो

आमची चावायचीही नाही, फेकून द्यायची. साधारण तीन वर्षांपासून पुढे ऑसिलोमेट्री नावाची चाचणी जमू शकते. नाकाला चिमटा, मी दोन्ही हातांनी गाल धरायचे, आणि तिने नळीतून नेहमीसारखा श्वास घ्यायचा, अर्धा मिनिट. फुंकायचं काही नाही. सगळीकडे ते यंत्र नसतं.

त्याआधी आमच्या बाबतीत जे झालं त्याला यंत्र लागलंच नाही. सव्वादोन वर्षांची असताना डॉक्टरांनी कमी मात्रेचं इनहेल्ड स्टेरॉइड मास्क-स्पेसरमधून तीन महिने दिलं आणि एक वही ठेवायला लावली. रात्री किती वेळा खोकून उठली, खेळताना-हसताना खोकला आला का, निळा पंप किती वेळा लागला. तीन महिन्यांनी औषध थांबवून पाहिलं. औषधावर असताना रात्री शांत, थांबवल्यावर पाचव्या आठवड्यात परत सुरू. ही औषध देऊन पाहण्याची रीतच या वयातली चाचणी, असं म्हणाले. सगळ्याच मुलांचं असं होत नाही. सर्दीच्या विषाणूने छाती वाजणाऱ्या पुष्कळ मुलांचं सहाव्या वर्षापर्यंत आपोआप थांबतं. आई-बाबांपैकी कुणाला दमा आहे का, इसब आहे का, सर्दी नसतानाही छाती वाजते का, हे म्हणूनच पुन्हा पुन्हा विचारतात.

मास्कची सवय बाहुलीपासून लावली. आधी बाहुलीचे पाच श्वास मोजायचे, मग तिचे.

*

सगळी शिट्टी दम्याची नसते, हे मला इथे लिहायचंच होतं. भाचा दोन वर्षांचा. खेळता खेळता एकदम ठसका लागला, दोन मिनिटं लालबुंद झाला, मग ठीक. दुसऱ्या दिवसापासून खोकला आणि शिट्टी. तीन आठवडे दम्याची औषधं, गुण नाही. नव्या डॉक्टरांनी दोन्ही बाजूंना स्टेथोस्कोप लावून बहिणीला विचारलं, "हे अचानक एका दिवसात सुरू झालं का?" उजव्या बाजूला हवा कमी जात होती. दुर्बिणीने तपासलं तर खेळण्याचा प्लॅस्टिकचा तुकडा निघाला. तो ठसका तिने आधी कुणाला सांगितलाच नव्हता, कारण कुणी विचारलंच नव्हतं आणि तिलाही ते किरकोळ वाटलं होतं. तेव्हा अशी काही गोष्ट आठवत असेल तर न विचारता सांगा.

*

मी आजी. पंपाची सवय लागते, पंप म्हणजे शेवटचं औषध, लहान पोराला स्टेरॉइड कसलं देता, हे सगळं मीच म्हटलं होतं, आणि सुनेला दोन वर्षं ऐकवलं होतं. तपासणीच्या दिवशी मुलगा बाहेरगावी, म्हणून मी सोबत गेले. डॉक्टरांनी मला समोर बसवून हिशोब सांगितला. तोंडावाटे दिलेल्या औषधाचे मिलिग्रॅम असतात, पंपाच्या एका फवाऱ्याचे मायक्रोग्रॅम, म्हणजे त्याचा हजारावा भाग, आणि तोही थेट छातीत. मला गणित कळतं. सुनेला सॉरी म्हणाले नाही, पण आता रात्रीचा पंप मीच देते, आणि नंतर गुळण्याही करायला लावते.

*

रात्रीच्या भयंकर स्वप्नांबद्दल कुणाला अनुभव आहे का? मॉन्टेल्युकास्ट (दमा-ॲलर्जीचं तोंडावाटे घ्यायचं औषध) सुरू केल्यावर आमची पाच वर्षांची रोज किंचाळत उठायला लागली, दिवसा उगाच मारामाऱ्या. आम्ही शाळेला दोष देत होतो. डॉक्टरांना सांगितल्यावर त्यांनी ते थांबवलं, दोन आठवड्यांत आमची मुलगी आम्हाला परत मिळाली. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2020 मध्ये याच कारणासाठी या औषधावर सर्वांत कडक इशारा छापायला लावला. पुष्कळ मुलांना ते छान लागू पडतं, घाबरवायचं नाहीये. पण वागणं बदललं तर औषधाकडेही बघा.

*

आमचे सगळे थेंब सपाट. हिस्टामिन सोडून एकही नाही. घरी येताना हसावं की रडावं कळेना, कारण खोकला तर तसाच. कागदावर "ॲलर्जी नाही" आणि रात्री तीनला पोट उडतंय. शेवटी विषाणूमुळे होणाऱ्या दम्याचे उपचार चालू केले, त्याने बरं आहे. फार काही सांगण्यासारखं नाही.

*

धाग्याच्या ताईंच्या लेकीचंही अंडं बंद आहे, म्हणून आमचा चॅलेंजचा (डॉक्टरांच्या देखरेखीखाली तो पदार्थ थोडा थोडा खाऊ घालून पाहण्याचा) दिवस सांगते. दोन दिवस, खरं तर. एक पास, एक नापास.

अंड्याची ॲलर्जी असलेल्या बऱ्याच मुलांना केकमध्ये भाजलेलं अंडं चालतं, कारण पिठासोबत बराच वेळ भाजल्यावर त्यातल्या प्रथिनांची घडण बदलते. मुलगी चार वर्षांची असताना रुग्णालयातच हे करून पाहिलं. आधी केकचा कणभर तुकडा, मग वीस-वीस मिनिटांनी थोडा मोठा, प्रत्येक वेळी नाडी, छाती, अंग तपासायचं. घास संपायला दोन तास आणि नंतर दोन तास नुसतं थांबायचं. चित्रं रंगवून वही संपली. पास.

वर्षाने उकडलेल्या अंड्याचा दिवस. तिसऱ्या घासापर्यंत मस्त. चौथ्यानंतर ती गप्प झाली. एवढंच. बडबड करणारी पोर एकदम गप्प झाली आणि माझ्या कुशीत शिरली. नर्स म्हणाल्या, "हे मला आवडलं नाही," आणि फ्रॉक वर केला. पोटावर गांधी. मग उलटी, मग खोकला. तिला आडवं केलं, मांडीच्या बाहेरच्या बाजूला ॲड्रिनलिन टोचलं. मी घड्याळ पाहत होते, पाच मिनिटांच्या आत चेहऱ्यावर रंग आला, दहाव्या मिनिटाला "घरी कधी जायचं?" पुढे काही तास देखरेखीखाली ठेवलं.

आमच्याकडे ॲड्रिनलिनचं पेन (झटका आला तर घरीच टोचायचं तयार इंजेक्शन) वर्षभर कपाटात पडून होतं. ते टोचायची वेळ कशी दिसते हे मला माहीत नव्हतं. मी गांधी उठण्याची वाट पाहत बसले असते, आणि ती त्याआधीच गप्प झाली होती. आता केक चालू आहे, उकडलेलं अंडं बंद, पुढच्या वर्षी पुन्हा पाहू. अंडं आणि दूध बहुतेक मुलं वाढत्या वयात पचवायला लागतात. शेंगदाण्याचं तसं नसतं, ते बहुतेकांच्या बाबतीत राहतं.

*

मांजर. आम्हाला कुणी "विसरा" म्हटलं नाही, कारण आमच्या घरी होतं. प्रिक टेस्टला 9 मिमी, आणि मांजर उशीत झोपलं की डोळे सुजून सकाळी छाती वाजायची, म्हणजे कागद आणि घर दोन्ही एकच सांगत होते. मावशीकडे पाठवलं. मुलगी दोन दिवस जेवली नाही. आणि दोन महिने झाले तरी खोकला कमी होईना, तेव्हा मला वाटलं, उगाच पाठवलं. मांजराची ॲलर्जी त्याच्या केसांपेक्षा लाळेतल्या आणि कातडीतल्या प्रथिनाची असते, ते भिंती, पडदे, सोफ्याला चिकटून मांजर गेल्यावरही महिनोन्‌महिने घरात राहतं, हे नंतर कळलं. पाचव्या महिन्यापासून फरक दिसला. मांजर आता मावशीचंच झालंय. आम्हाला ओळखतही नाही.

*

धागाकर्ती. तपासणी झाली, सांगायला आले.

इथलं वाचून सर्दीची सिरपं आठ दिवस कपाटाच्या वरच्या फळीवर टाकली होती. "डास चावेल" हे वाक्य जसंच्या तसं वापरलं. तिने विचारलं, "किती डास?" मी म्हटलं, दहा. तिने दहापर्यंत मोजलं आणि अकराव्याला (हिस्टामिन मी मोजायला विसरले होते) माझ्याकडे असं पाहिलं की विचारू नका. अंड्याची 5 मिमी, धुळीतल्या किड्यांची 6, शेंगदाण्याची शून्य. शेंगदाणे ती आधीपासून खातेच, त्यामुळे त्याचं काही वाटलं नाही. केकमधल्या अंड्याच्या चॅलेंजची तारीख दोन महिन्यांनी.

छातीबद्दल मात्र त्या थेंबांनी फार काही सांगितलं नाही. गेल्या महिन्यात रात्री मी तिचा शर्ट वर करून चाळीस सेकंदांचं चित्रण केलं होतं, श्वास घेताना बरगड्यांमधली कातडी आत ओढली जातेय असं. ते डॉक्टरांनी तीनदा पाहिलं, आवाज मोठा करून. मग विचारत बसले, पळाल्यावर खोकते का, सर्दी नसताना रात्री उठते का, घरात कुणी सिगारेट ओढतं का, मला लहानपणी काय होतं. (मला होतं. आईने फोनवर सांगितलं, मला आठवतच नव्हतं.) तीन महिने रोजचा पंप, वही चालू.

एक अडलंय. स्पेसर धुतल्यावर आतून ओला राहतो. कापडाने पुसून कोरडा केला तर चालतो ना?

*

पुसू नका. आतून कापड घासलं की प्लॅस्टिकवर विजेचा भार बसतो आणि औषध छातीत जाण्याऐवजी नळीच्या भिंतीला चिकटतं. भांडी घासायच्या साबणाच्या पाण्यात बुडवा, न चोळता बाहेर काढा, उभा ठेवून आपोआप वाळू द्या. रात्री धुतलात तर सकाळपर्यंत होतो. आणि मास्कची कड मात्र साध्या पाण्याने पुसा, तिथला साबण चेहऱ्याला लागला की मुलं तोंड फिरवतात.